डोंगरातला फोटोग्राफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं डोंगर आणि प्रवास यांचे फोटो काढून माझं पोट भरतंय. गळ्यात कॅमेरा दिसला की लोक विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा ते इथे एकदाच घेतले आहेत. काही उत्तरं लांबली, काही दोन ओळींत आटोपली. जिथे माझे हात पोळले, तिथे जास्त लिहिलं गेलंय.

यावर खरंच घर चालतं का?

चालतं, पण ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण या धंद्यासाठीच केली असावी. लोकांना दिसतात ते माथ्यावरचे फोटो. माझ्या वर्षातले बहुतेक दिवस मात्र परवानग्या काढण्यात, मेल लिहिण्यात, थकलेल्या बिलांच्या मागे लागण्यात आणि हजारो फायली चाळण्यात जातात. डोंगरात पोचल्यावरही निम्मा वेळ तंबूत पडून ढग हटायची वाट बघायची असते.

गिऱ्हाईक पैसे नेमके कशाचे देतं, हे कळायला मला फार वेळ लागला. देखणे फोटो काढणारे पुष्कळ आहेत. ठरल्या दिवशी ठरल्या जागी पोचणारा, दमून गळून गेल्यावरही काम करणारा आणि कार्डं सुखरूप घेऊन परतणारा माणूस मात्र शोधावा लागतो. पुढची बरीच उत्तरं फिरून इथेच येतील.

नोकरी कधी सोडू?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण गॅलन रॉवेल या अमेरिकी गिर्यारोहक-फोटोग्राफरचं उदाहरण देतात. रॉवेल कॅलिफोर्नियात गाड्या दुरुस्त करायचं छोटं गॅरेज चालवत. १९७२ मध्ये ते विकून त्यांनी पूर्णवेळ कॅमेरा हातात घेतला. पुढच्याच वर्षी तिथल्याच योसेमिटी दरीतल्या हाफ डोम या डोंगराचा कडा दोन साथीदारांबरोबर, एकही पिटॉन (दोर अडकवायला खडकात ठोकायची मेख) न ठोकता ते चढले आणि १९७४ मध्ये ती चढाई ‘नॅशनल जिओग्राफिक’ची मुखकथा झाली. दोन वर्षांत गॅरेज ते मुखपृष्ठ! ऐकणारा लगेच राजीनामा लिहायला बसतो.

या गोष्टीतला आधीचा भाग कुणी सांगत नाही. गॅरेज विकलं तेव्हा त्यांची तिशी उलटली होती, आणि योसेमिटीच्या कड्यांवर ते किशोरवयापासून चढत होते. फोटोग्राफर म्हणून ते नवे असतील, त्या भिंतीवर नवे नव्हते.

मी स्वतः दोन अटी ठेवल्या होत्या. एक, वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा. दोन, एकदा काम दिलेल्यांपैकी किमान दोघांनी आपणहून परत बोलावलेलं हवं. पहिलं काम ओळखीनं किंवा नशिबानं मिळतं. दुसऱ्यांदा बोलावणं येतं तेव्हाच ते काम आवडलं होतं असं समजायचं.

फोटोग्राफीची पदवी लागते का?

मला आजवर कुणीही विचारलेली नाही. गिर्यारोहणाचा कोर्स केला आहे का, प्रथमोपचार येतात का आणि विमा आहे का, हे मात्र प्रत्येक मोहिमेच्या आधी विचारतात.

कॅमेरा कोणता घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं महत्त्व सगळ्यात कमी आहे. पण टाळता येत नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

१८६१ च्या जुलैत ऑग्युस्त-रोझाली बिसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार आल्प्समधल्या मों ब्लां शिखराच्या माथ्यावर पोचले. सामान वाहायला २५ हमाल होते आणि हाती लागल्या तीन निगेटिव्ह. पाच वर्षांनी इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न हिमालयात मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, काचा घेऊन पोचले. त्या काळची काच म्हणजे ओली प्लेट. तंबूत अंधार करून काचेवर कोलोडियन या चिकट द्रावाचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. मग वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. सगळ्याला मिळून दहा-पंधरा मिनिटं. बोटं गारठलेली, पाणी गोठलेलं, वाऱ्यानं तंबू फडफडतोय. आणि आपण दोन मॉडेलांमध्ये अडकून सहा महिने घालवतो.

तुमच्याकडे आहे तोच कॅमेरा घ्या, फक्त तो अंधारात हातमोजे घालून चालवता यायला हवा. ही खरी परीक्षा आहे. डोळे मिटून आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील हे ठरवणारा आकडा) बदलता येत नसेल, तर नवा कॅमेरा घेऊनही बदलता येणार नाही.

वजन मात्र बघा. माझ्या सॅकमध्ये एक बॉडी, एक २४-१०५ मिलिमीटरची लेन्स आणि एक ७०-२०० ची एफ/४ लेन्स, एवढंच असतं. जास्त उजेड घेणारी पण जड अशी एफ/२.८ ची लेन्स हातात घेतली की फार छान वाटते. तिसऱ्या दिवशी चढावर तीच शिवी बनते. कॅमेरा सॅकच्या पट्ट्याला छातीशी अडकवा. आत ठेवलेला कॅमेरा थकलेला माणूस बाहेर काढत नाही.

डोंगरांना वाइड लेन्सच लागते ना?

नवशिक्यांचा हा आवडता गैरसमज आहे. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्समधून समोरचा दगड राक्षसासारखा आणि मागचं हिमशिखर टेकाडासारखं दिसतं. डोंगराची भव्यता दाखवायची तर लांबून, टेलिफोटोनं (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं) काढा आणि चौकटीत कुठेतरी माणूस येऊ द्या. मुंगीएवढा माणूस दिसला की बघणाऱ्याला कड्याची उंची आपोआप कळते. माझे विकले गेलेले बहुतेक डोंगर ७० ते २०० मिलिमीटरमधले आहेत.

थंडीत कॅमेरा बंद पडतो का?

कॅमेरा क्वचितच, बॅटरी नेहमी. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीसुद्धा रिकामी दिसते. ती फेकून देऊ नका. आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की बरीचशी परत जिवंत होते. मी दोन बॅटऱ्या आळीपाळीनं फिरवतो आणि रात्री सगळ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतो. २९ मे १९५३ ला एडमंड हिलरींनी एव्हरेस्टवर कॅमेरा बाहेर काढला तो कपड्यांच्या आतून. थंडी लागू नये म्हणून त्यांनी तो अंगाशी ठेवला होता.

खरा घात होतो तो उबदार जागेत शिरताना. गारठलेला कॅमेरा तसाच गरम खोलीत नेला की बाहेरून आणि आतूनही त्यावर दव धरतं. बाहेर असतानाच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आत आल्यावर दोनएक तास उघडू नका. दव पिशवीवर बसेल. घाईघाईनं फोटो बघायला पिशवी उघडून मी एक लेन्स कायमची घालवली आहे. आतल्या भिंगावर बुरशी आली.

आणि व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नका, तिथल्या तिथे बर्फ होतो.

माझ्या फोटोत बर्फ राखाडी का येतो?

कारण समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी असतं, असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. चौकटभर पांढरं दिसलं की तो ते अंधारून राखाडी करतो. एक्स्पोजर एक ते दोन स्टॉपनं वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला टेकू न देता तिच्या जवळ ठेवा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका; उन्हात ती अंधारी दिसते आणि तंबूत उजळ.

सावल्या निळ्या येतात ती चूक नाही. सावलीतल्या बर्फावर सूर्य पडत नाही, निळं आकाश पडतं. ती निळाई पूर्ण पुसली की बर्फ खडूसारखा दिसू लागतो.

चांगला उजेड मिळणं नशिबाचा भाग आहे का?

थोडा आहे. पण नशीब येतं तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं.

१९८१ मध्ये रॉवेल तिबेटमध्ये ल्हासात होते. पाऊस पडून ऊन आलं आणि इंद्रधनुष्य उमटलं, पण ते दलाई लामांच्या पोटाला राजवाड्यापासून बाजूला. बाकीचे जिथे उभे होते तिथून बघत राहिले. रॉवेल पळत सुटले. त्यांना ठाऊक होतं की इंद्रधनुष्य एका जागी रोवलेलं नसतं. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांच्या कोनात ते दिसतं, म्हणून बघणारा सरकला की तेही सरकतं. योग्य जागी पोचल्यावर ते राजवाड्यावर येऊन टेकलं. तो त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो. यात नशीब पावसाचं होतं. बाकी भौतिकशास्त्र, आणि उंचावर पळू शकणारी फुप्फुसं.

अँसल अ‍ॅडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराचा किस्सा याच्या उलट्या टोकाचा आहे. १० एप्रिल १९२७ ला जड कॅमेरा घेऊन ते हाफ डोमसमोरच्या एका कड्यावर पोचले तेव्हा दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरनं घेतली आणि लगेच जाणवलं की मनात आहे तो काळाकभिन्न, दरारा वाटावा असा कडा यात येणार नाही. शेवटच्या प्लेटीला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उभा राहिला. आपण आज पाचशे फोटो काढतो आणि घरी जाऊन ठरवतो काय म्हणायचं होतं.

माझी पद्धत साधी आहे. आदल्या संध्याकाळी जागा बघून ठेवतो, सूर्य कुठून येईल ते नकाशावर तपासतो आणि तांबडं फुटायच्या तासभर आधी तिथे जाऊन बसतो. शिखराच्या टोकाला पहिली तिरीप लागते तेव्हा खालची दरी अजून निळ्या अंधारात असते. हा खेळ काही मिनिटांत संपतो. त्या वेळी ट्रायपॉड उलगडत बसलेला माणूस बघितला की वाईट वाटतं.

किती तंदुरुस्ती लागते?

ज्यांचे फोटो काढायचे आहेत त्यांच्यापेक्षा जास्त. हे ऐकून लोक हसतात. पण रांगेत मागून चालणाऱ्या फोटोग्राफरला फक्त पाठी आणि सॅका मिळतात. चेहरे हवे असतील तर तुकडीच्या पुढे जायचं, जागा पकडायची, ते जवळ येईपर्यंत श्वास ताळ्यावर आणायचा, फोटो घ्यायचे, ते निघून गेले की सामान आवरून पुन्हा त्यांना गाठून पुढे जायचं. दिवसातून पंधरा-वीस वेळा. कड्यावरच्या चढाईत तर फोटोग्राफर आधीच दुसऱ्या वाटेनं वर पोचून दोरावर लटकलेला असतो, म्हणून दोराचं काम झोपेतही चुकता कामा नये. तिथे कॅमेरा दुय्यम आहे. लेन्स बदलताना कॅमेऱ्याला, लेन्सला आणि स्वतःला वेगवेगळ्या दोऱ्या हव्यात. खाली माणसं असतात.

उंचीचा त्रास फोटोग्राफरला वेगळा होतो का?

शरीर तेच, पण आपण चुका जास्त करतो. सुमारे ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. अशा ठिकाणी फोटोसाठी श्वास रोखून धरला की नंतर मिनिटभर धाप लागते. बाकीचे तंबूत पडलेले असताना आपण सूर्यास्तासाठी धारेवर चढतो आणि अंधारात उतरतो.

साधा नियम पाळा: ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी, मळमळ असेल तर वर जायचं नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर लगेच खाली. उंचीवर बुद्धीही मंदावते, म्हणून कॅमेऱ्याची सेटिंग्ज खालीच ठरवून ठेवतो. वर गेल्यावर नवीन काही सुचेल या भरवशावर राहायचं नाही.

जिवाची भीती वाटत नाही?

वाटते, आणि वाटत राहावी. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘अजून एकच फोटो’ या वाक्याची. हिमदरीच्या कडेला मागे सरकत चौकट जमवणारा एक जण मी सॅकला धरून ओढला आहे. तो रागावला, कारण फोटो हलला होता.

धोका फक्त शिखरावर असतो असंही नाही. इतके कडे चढलेले रॉवेल ऑगस्ट २००२ मध्ये कामावरून घरी परतताना छोट्या विमानाच्या अपघातात गेले. या धंद्यात प्रवासच जास्त असतो: रात्रीच्या गाड्या, घाटरस्ते, पेंगणारे ड्रायव्हर. पाच दिवस राबल्यावर रात्रभराचा प्रवास नको, असं मी आता करारातच लिहितो.

पैसे नेमके कुठून येतात?

आधी पोटोबा मग विठोबा, म्हणून हे सविस्तर.

एकाच झऱ्यावर कुणाचंच भागत नाही. नियतकालिकांची कामं प्रतिष्ठेची असतात, पण पैसा बेताचा. गिर्यारोहणाचे कपडे, बूट, तंबू विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती चांगले पैसे देतात. त्या कामात फोटोत शिखर धूसर चालतं, शिवण स्पष्ट लागते. पर्यटन खाती, मोहिमांचे प्रायोजक, हॉटेलं यांची कामं असतात. फोटो-सहली आणि कार्यशाळा आहेत. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं घर त्यावर चालतं. भिंतीवर लावायच्या प्रिंट, कॅलेंडर, व्याख्यानं, पुस्तकं ही वरकड. तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक एजन्सीवर दोन पैसे मिळतात, पण तिथे शिखरांचा पूर आलेला असल्यानं त्यावर भिस्त ठेवू नका. हल्ली व्हिडिओ येत नाही असं सांगितलं की अर्धी कामं हातची जातात.

दर सांगताना फोटो मोजू नका, दिवस मोजा. जायचे दिवस, यायचे दिवस, हवामानामुळे बसून राहिलेले दिवस आणि परतल्यावर फायली निवडायचे दिवस, सगळे कामाचेच. ‘पाऊस असताना तुम्ही तर नुसते बसला होतात’ असं म्हणून एका गिऱ्हाइकानं माझे सहा दिवस कापले होते. करारात एक ओळ असती तर वाचलो असतो. आता ती असते: वाट बघण्याच्या दिवसाचा दर, आणि प्रवासखर्च निघायच्या आधी.

दुसरं म्हणजे वापराचे हक्क. फोटो विकणं म्हणजे बहुतेक वेळा तो वापरायची परवानगी विकणं. कुठे वापरणार, किती काळ, कोणत्या देशांत, इतरांना देता येईल की नाही, यावर किंमत ठरते. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात असलेल्या देशांत कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची अट नसते. मात्र ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे’ अशा मजकुराखाली सही केलीत तर तो तुमचाच फोटो तुम्हाला नंतर प्रदर्शनात लावायचीही पंचाईत. त्या ओळीखाली सही करायचीच असेल, तर किंमतही ‘कायमची’ लावा.

‘पैसे नाहीत, पण फोटोखाली नाव देऊ’ असं म्हणाले तर?

नाव देणं हे तसंही त्यांचं कर्तव्य आहे. वाण्याकडे नाव सांगून किराणा मिळत नाही. एखाद्या बचाव पथकाला किंवा शाळेला मी फुकट देतो, पण तेही बिल करून: वर पूर्ण रक्कम, खाली पूर्ण सूट. किंमत काय होती हे कळायला हवं.

पहिलं काम कसं मिळवू?

वीस फोटो निवडा. दोनशे नाही. संपादक पहिल्या पाचांत मत बनवतो आणि उरलेल्या पंधरांत एखादा कच्चा सापडला की तोच लक्षात ठेवतो. वीसच्या वीस सूर्योदय नकोत. लांबून दिसणारा डोंगर, त्यातली वाट, वाटेवरचा माणूस, त्याच्या हाताला पडलेले घट्टे, रात्री तंबूत पेटलेला दिवा, अशी गोष्ट पुढे सरकली पाहिजे. एकेकटे सुंदर फोटो सगळ्यांकडे असतात. आठ पानं भरतील असे बारा फोटो थोड्यांकडे.

फोटोखालच्या ओळी लिहायला शिका. ठिकाण, तारीख, उंची, माणसाचं नाव अचूक. यानं काम मिळतं यावर नवखे विश्वास ठेवत नाहीत. एका संपादकांनी मला पहिल्यांदा बोलावलं ते फोटोसाठी नव्हतं. माझ्या ओळींत त्यांना काही दुरुस्त करावं लागलं नव्हतं, एवढ्यासाठी होतं.

आणि लांबच्या प्रसिद्ध शिखरापासून सुरुवात करू नका. ज्या डोंगरावर तुम्ही बाराही महिने, कुठल्याही हवेत जाऊ शकता, तिथला तुमचा फोटो बाहेरून आठवडाभर आलेल्या माणसाला मिळणार नाही.

वाटेत भेटणाऱ्या माणसांचे फोटो विचारून काढावेत की न विचारता?

आधी बसा, बोला, मग विचारा. नैसर्गिक क्षण निसटतो म्हणतात; थोडा वेळ थांबलात की तो परत येतो. जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर लेखी संमती लागते आणि ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत हवी. ‘फोटो पाठवतो’ म्हणालात तर पाठवाच. दोन वर्षांनी त्याच वस्तीत गेलात की पहिला प्रश्न तोच येतो, स्वतः अनुभवलंय.

पोर्टर आणि गाइड यांच्याकडे विशेष बघा. मोहिमेचे हिरो माथ्यावर उभे राहिलेले असतात. ओझं वाहणाऱ्याचं नाव बहुतेक फोटोंखाली नसतं. ते लिहायला काही खर्च येत नाही.

काही जागांचे फोटो काढू नयेत. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी, तिथल्या मूळच्या अनंगू लोकांना पवित्र असलेल्या काही जागी फोटो न काढण्याची विनंती केलेली आहे. तिथे लपूनछपून काढलेला फोटो कितीही चांगला येवो, तो माझ्याकडे दाखवायला आणू नका.

फोटोत किती फेरफार चालतो?

उजेड-अंधार, रंग, कातरणी इथपर्यंत माझी हरकत नाही. डार्करूमपासून ते चालत आलंय. वस्तू हलवली की मामला बदलतो. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’नं आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. त्यावर झालेली टीका आजही वर्गात शिकवतात. डोंगरांत तर फोटो हा पुरावाही असतो. १९५३ मध्ये हिलरींनी माथ्यावर तेन्झिंग यांचे फोटो काढलेच, शिवाय खाली उतरणाऱ्या डोंगरधारांचेही काढले, कुणी शंका घेऊ नये म्हणून. स्वतःचा मात्र एकही नाही. आणि २०१६ मध्ये एव्हरेस्टच्या शिखरफोटोंत फेरफार केल्याबद्दल नेपाळ सरकारनं दोन गिर्यारोहकांवर १० वर्षांची बंदी घातली.

जाहिरातीत आकाश बदलायला सांगतात. मी करतो, पण तो फोटो मोहिमेचा म्हणून कुठे देत नाही.

ड्रोन घेऊ का?

परवानगीचे नियम आधी वाचा, मग घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवायला बंदी आहे. इतरही अनेक ठिकाणी आधी लेखी परवानगी लागते. विरळ हवेत पंख्यांना उचल कमी मिळते आणि थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते, म्हणून परतीचा हिशोब निम्म्या बॅटरीलाच करा.

विमानप्रवासात सामान कसं न्यावं?

कॅमेरा, लेन्सा, कार्डं आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकायला मनाई असते. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरी याच्या खूप खाली असते. फिल्म वापरत असाल तर ती चेक-इनमध्ये कधीच टाकू नका, तिथल्या एक्स-रेनं खराब होते. नव्या सीटी स्कॅनरचाही धोका आहे, म्हणून हातानं तपासायची विनंती करा. परदेशी बरंच सामान न्यायचं असेल तर एटीए कार्ने नावाचा, सामान तात्पुरतं नेण्यासाठीचा कागद काढून ठेवा, कस्टममधली कटकट वाचते.

फोटो हरवू नयेत म्हणून काय करता?

रोज रात्री दोन प्रती, दोन वेगळ्या सॅकमध्ये, त्यातली एक शक्यतो दुसऱ्याच माणसाकडे. घरी पोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. १९२४ मध्ये मॅलरी आणि आयर्विन या ब्रिटिश गिर्यारोहकांनी एव्हरेस्टवर नेलेला छोटा कोडॅक कॅमेरा अजून कुणाला सापडलेला नाही. मॅलरींचा देह १९९९ मध्ये मिळाला, कॅमेरा नाही. शिखर गाठलं होतं का, हा शंभर वर्षांचा वाद कदाचित त्या एका फिल्मवर अडून आहे.

एआय आल्यावर आणि सगळ्यांच्या खिशात फोन असताना या कामाला काय अर्थ?

नुसतं सुंदर हिमशिखर हवं असेल तर आमची गरज कमी होणार आहे, त्यात खोटं काय बोलायचं. स्टॉकचं काम मी जवळजवळ सोडलं आहे. पण मे २०१९ मध्ये नेपाळी गिर्यारोहक निर्मल पुर्जा यांनी एव्हरेस्टच्या धारेवर अडकलेल्या गिर्यारोहकांच्या रांगेचा जो फोटो टाकला, तो आठवा. प्रकाश, रचना यांत त्याला बक्षीस मिळालं नसतं. जगभर छापला गेला, कारण तो माणूस तिथे होता आणि ती रांग खरी होती. मी रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फायली, आता कार्डांइतक्याच जपून ठेवतो. ‘मूळ फाइल दाखवा’ असं सांगणारे संपादक वाढलेत.

मुलींनी या क्षेत्रात यावं का?

एलिझाबेथ ले ब्लाँ १८८० च्या दशकात आल्प्समध्ये चढत होत्या, बर्फाचे फोटो काढत होत्या आणि १९०७ मध्ये स्त्रियांच्या अल्पाइन क्लबच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा हा प्रश्न विचारायला आपण सव्वाशे वर्षं उशीर केला आहे. तुकडी निवडताना काळजी घ्या, तेवढंच. ती पुरुषांनाही घ्यावी लागते.

हे काम कितव्या वर्षापर्यंत करता येतं?

अमेरिकी गिर्यारोहक आणि नकाशाकार ब्रॅडफर्ड वॉशबर्न १९३० च्या दशकात विमानाचं दार काढून, अवजड कॅमेरा समोर बांधून अलास्काचे डोंगर टिपत होते. त्या हवाई फोटोंवरूनच त्यांना तिथल्या डेनाली शिखराची वेस्ट बट्रेस नावाची वाट दिसली. १९५१ मध्ये ते स्वतः तिथून चढले आणि आज बहुतेक जण त्याच वाटेनं जातात. त्यांच्या पुढाकारानं झालेला एव्हरेस्टचा नकाशा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. म्हणजे काम संपत नाही, बदलतं.

माझं बदलायला लागलं आहे. उतारावर डावा गुडघा आता आवाज करतो. पुढच्या मोसमात वरच्या कॅम्पवर एक तरुण मुलगी जाणार आहे, मी बेस कॅम्पवरून लांब लेन्सनं काढणार आहे. रेडिओवर तिला दर दोन तासांनी बॅटऱ्या खिशात आहेत का विचारायचं मी कबूल केलं आहे. ती म्हणते, एकदाच विचारा.